पायलटचं माप बसवून घ्यायचं

शिवणाच्या शेडमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. मशीनखाली चिंध्या आणि जेवणाच्या सुट्टीत किस्से. चिंध्या शनिवारी भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, ते माझ्यासारख्याच्या पदरात पडतात.

मी पावण्याच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये चेकिंगला आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा. हेच काम घरी केलं की डब्यात भाजी मिळत नाही.

पूर्वी आम्ही शाळेची दप्तरं आणि कंपन्यांचे एप्रन शिवायचो. मग आमचे मालक म्हात्रेशेठ, मूळचे तळवलीचे, कुठून तरी हवाई दलाच्या वैमानिकांचे कपडे शिवायचं काम घेऊन आले. त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि म्हणाले, "आपन दप्तरवाले नाय राहिलो आता."

तीन लॉटची संधी होती. त्यातला एक जरी पास झाला तर काम कायमचं, आणि बावीस बायकांची नोकरी पक्की. तिन्ही नापास झाले की पुन्हा दप्तरं!

* * *

पहिला लॉट फ्लाइंग ओव्हरऑलचा. शर्ट आणि पँट एकत्र जोडून पुढे लांब चेन लावलेला पोशाख. कटिंग मास्टर वामनकाकांनी आयुष्यभर नवरदेवांचे सूट कापलेले. त्यांनी ऐटीत एक नमुना केला. भाच्याला उभं करून घातला तर असा बसला की पोरगा लग्नाला उभा आहे असं वाटावं.

माल तपासायला आपटेसाहेब आले. तीस वर्षं हवाई दलात पायलटचं सामान सांभाळून निवृत्त झालेले. त्यांनी भाच्याकडे पाहिलं आणि शांतपणे एक प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली. "बस. आता हात पुढे कर. मान वळवून मागे बघ."

भाचा बसला, पण मान वळवताना काखेत कापड ताणलं गेलं, मांडीवरचा खिसा पोटाखाली गेला आणि चेन गळ्यात रुतली.

"मास्टर," आपटेसाहेब म्हणाले, "तुमचा पायलट फोटोला चांगला आहे. माझा पायलट बसून लढतो."

पहिला लॉट परत. वामनकाका दोन दिवस तोच नमुना उसवत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी कटिंगच्या टेबलाशेजारी ती खुर्ची कायमची मांडली. परवा शेजारच्या गाळ्यातला एक जण मुंजीच्या जाकिटाचं माप द्यायला आला, तर काकांनी त्यालाही बसवलं.

* * *

दुसऱ्या लॉटला बसणं-उठणं सगळं झकास होतं. आपटेसाहेबांनी खिशातून लायटर काढला.

या कपड्याचं कापड आगीत पेट घेत नाही. दोराही तसाच लागतो, आणि तो महाग येतो. शेवटच्या दिवशी तो संपला म्हणून बाहीवरच्या पेनाच्या खिशाला कोणीतरी साधा दोरा वापरला होता. लायटर लावला, तशी ती शिवण वितळली आणि काळा थेंब होऊन खाली टपकली.

शेठ कळवळून म्हणाले, "साहेब, एवढ्याशा खिशाचा दोरा! पेन जळंल फार तर."

आपटेसाहेब काही बोलायच्या आत मागून सुनंदाताई बोलल्या. करावे गावच्या, आमच्याकडच्या सगळ्यात पक्क्या हाताच्या कारागीर. "माझ्या भावजयीची नायलॉनची साडी पेटली व्हती, शेठ. ती जललीच नाय, आंगाला चिकटली. काढताना कातडं घेऊन आली. आमी सगल्यांनी बघितलंय."

मला तो दोरा चेक करताना दिसला नव्हता, आणि त्या दिवशी मला स्वतःची खरंच लाज वाटली.

दुसरा लॉटही परत गेला. सुनंदाताईंनी त्याच दुपारी शेडमधली साध्या दोऱ्याची सगळी रिळं एका पिशवीत भरून बाहेर नेली. शेठची तुटलेली बॅग शिवायलासुद्धा एक रीळ ठेवलं नाही.

* * *

तिसरा लॉट जी-सूटचा. ही ओव्हरऑलवर घालायची पँट. आत पोटाला, मांड्यांना आणि पोटऱ्यांना हवेच्या पिशव्या. विमान जोरात वळलं की पायलटचं रक्त पायाकडे उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा या पिशव्या फुगून पाय आवळतात आणि रक्त वरच राहतं.

आवळतात म्हणजे किती, हे कळावं म्हणून शेठ स्वतः सूट घालून बसले. नाड्या सगळ्या सैल केल्या तरी पोटाचा प्रश्न होताच. वामनकाकांनी कॉम्प्रेसर हळू सोडला.

शेठ आधी हसले, मग त्यांनी खुर्ची घट्ट धरली. हवा सोडल्यावर घोटभर पाणी पिऊन म्हणाले, "ही पोरं हे घालून वर भांडतात?"

त्या दिवसापासून शेठनी "चालतंय, चालतंय" म्हणणं सोडलं.

* * *

एकदा जेवताना सुनंदाताईंनी आपटेसाहेबांना विचारलं, "साहेब, तुमी लढाईत काय करत व्हतात?"

"कपडे घालून द्यायचो," ते म्हणाले. "सूटच्या नाड्या आवळायच्या, हेल्मेटचा पट्टा बघायचा, आणि वहीत पायलटची सही घ्यायची. परत आला की सामान तपासून खुंटीला टांगायचं आणि सहीवर रेघ मारायची."

मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "एका सहीवर रेघ मारायची राहिली. तो जाताना म्हणाला होता, डाव्या पायाची नाडी जरा सैल वाटते. मी पुन्हा बांधली. घट्ट बांधली होती, मला आठवतंय."

सुनंदाताईंनी त्यांच्या ताटात आणखी थोडं सुकटीचं कालवण वाढलं आणि ते त्यांनी खाल्लं.

* * *

आणि मग सीमेवर तापलं. सोसायटीच्या ग्रुपवर दर पाच मिनिटांनी नवा सेनापती उगवत होता. आमच्याकडे फक्त एक फोन आला : तिसरा लॉट, चाळीस जी-सूट, शुक्रवारी.

गुरुवारी दुपारी सुनंदाताईंच्या मशीनची सुई तुटली.

आता इथे एक नियम आहे. सुई तुटली की तिचे सगळे तुकडे शोधायचे, कार्डावर चिकटपट्टीने लावायचे आणि पुरी सुई जुळली तरच मशीन पुढे चालवायचं. कारण एक तुकडा सूटच्या आत राहिला तर हवेची पिशवी वर आकाशात फुटेल. त्या दिवशी वरचा भाग मिळाला, मधला मिळाला. टोक मिळेना.

लोहचुंबक फिरवलं, फरशी झाडली, मशीन उघडलं. काहीच नाही. शुक्रवारी सकाळी टेम्पो दारात उभा होता आणि शेठ घामाघूम. मीच म्हणालो, "ताई, उडून गेलं असेल कुठंतरी."

"उडून कुटं गेलं ते दाखवा, मग भरा टेम्पो," त्या म्हणाल्या, आणि टेम्पोच्या फाळक्यासमोर स्टूल टाकून बसल्या.

शेठनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईंकडे. मग ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी बंद कर." आपटेसाहेबांना फोन लावला आणि जे झालं ते सांगितलं. तिकडून एवढंच आलं : "उद्या दुपारपर्यंत. त्याच्यापुढे माझ्या हातात नाही."

आम्ही चाळीसच्या चाळीस सूट उसवले. बावीस बायका, वामनकाका, शेठ आणि मी. एकेक पिशवी बाहेर काढून हाताने चाचपली आणि परत शिवली. शनिवारी सकाळी चाळिसावा सूट झाला तरी टोक नव्हतं. आणि टोक नाही म्हणजे लॉट नाही. शेठ खाली फरशीवर बसले. या बावीस जणींना कसं सांगायचं, हाच विचार माझ्या डोक्यात होता.

सुनंदाताई शेवटच्या सूटचा दोरा कापायला कात्री उचलायला गेल्या आणि ती त्यांच्या हातातून पडली. बोटाला चिकटपट्टी तर आमच्याकडे सगळ्यांच्याच असते. त्यांची मी बळेच काढली. तर्जनी वांग्यासारखी सुजली होती. "गुरवारी सुई जराशी लागली व्हती," म्हणाल्या. "हलद लावलीय."

शेठनी त्यांना गाडीत घातलं. दवाखान्यात एक्स-रे काढला, डॉक्टरने बोट बधिर केलं, बारीक चिमट्याने काहीतरी ओढून काढलं आणि ते कचऱ्याच्या ट्रेमध्ये टाकायला हात वळवला.

सुनंदाताईंनी दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरलं.

"टाकू नका डॉक्टर," त्या म्हणाल्या, "मना ता कार्डावर लावायचाय. चालीस पोरांचे सूट अडकलेत."