गळ बसवलेला बिल्ला

मंदी आली त्याच वर्षी माझी बायको गेली. दिवसकार्य उरकून दुबईला परत आलो, तर साईट बंद. क्रेन तशाच उभ्या आणि कॅम्पात माणसं नुसती पडून. मीही पडून. आम्हाला मूलबाळ नाही. माझ्यामागं तिची आठवण काढणारं कोणी उरणार नाही, एवढंच डोक्यात फिरायचं.

आमचा इंजिनिअर पुण्याचा, दुबईतच करामा भागात राहायचा. त्यानं मला जमिनीतला धातू शोधायचं मशीन आणून दिलं. म्हणाला, काका, पुरलेल्या केबली जिथं आहेत तिथं खुणा करून ठेवा. मला खाटेवरून उठवायचं होतं त्याला, ते काय मला कळत नव्हतं? त्याचे उपकार.

कुंपणाच्या कडेला मशीन ओरडलं. उकरलं तर हिरवा पडलेला पितळी बिल्ला. खोलीत कोणी म्हणे पोलिसाचा, कोणी म्हणे उंटाच्या गळ्यातला. इंजिनिअर म्हणाला हात लावू नका, जुनी वस्तू आहे. पण तोवर मी चिंच-मिठानं घासून मोकळा झालो होतो. घरची देवाची भांडी बायको तशीच घासायची. हिरवं पितळ मला बघवत नाही. तो चिडला. पण झिजलेली अरबी अक्षरं वर आली, आणि मागची पिन ही पिन नव्हतीच. मासे धरायचा गळ होता, डाग देऊन बसवलेला. मी कोकणातला, गळ ओळखतो.

कुंपणापलीकडं एका अरब म्हाताऱ्याच्या बकऱ्या असायच्या. साईटची जमीन पूर्वी त्यांचीच बाग. म्हणून त्याला दाखवला. त्यानं अक्षरं वाचलीच नाहीत. बिल्ला पालथा करून गळावर अंगठा फिरवत राहिला. मग हिंदीत सांगू लागला. बाप धक्क्यावर हमाल होता, बिल्ल्याशिवाय आत सोडत नसत. पिन तुटली तेव्हा आईनं होडीवरचा जुना गळ बसवून घेतला. बाप गेला, बिल्ला कुठं पडला कळलं नाही. फोटोसुद्धा नाही बापाचा.

मी म्हटलं, "रख लो बाबा, तुम्हारा है."

त्यानं मला बसवून कहवा पाजला. एवढा लखलखीत कोणी केला, म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी केला, शिकवलं बायकोनं, ती आता नाही.

त्यांच्यात परक्या बाईचं नाव विचारत नाहीत, पोराच्या नावानं आई ओळखतात. त्यानं विचारलं, "किसकी माँ थी?"

"किसीकी नहीं."

 त्यानं दोन्ही तळवे वर करून तिच्यासाठी दुवा मागितली, चांगली लांबलचक. मला त्यातलं काही कळलं नाही. उठताना म्हणाला, दर शुक्रवारी बापासाठी मागतो, आता तिच्यासाठीही मागेन.

मी तिथं होतो तोवर विचारायचो, मागितलंत का? तो रागवायचा, म्हणायचा, हे काय विचारणं झालं?

आता गावी बसून कोणाला विचारू? पण मागत असेल. तसा माणूस होता तो.