त्या चिपला कुणी हात लावला नाही

रत्नाक्कांनी ती चिप माझ्या तळहातावर ठेवली, म्हणून पुढचं घडलं. कोइमतूरच्या या दुरुस्तीच्या दुकानाच्या त्या मालकीण, मूळच्या बेळगावच्या. मी लातूरची, नववीत शाळा सुटलेली. समोर टीव्हीला जोडायचा जुना घरगुती संगणक मुका पडला होता. त्याच्या आवाजाची चिप खास त्याच्यापुरतीच घडवलेली. आता ती कुठेच बनत नाही. दुसऱ्या बंद यंत्रातून काढलेली ही एकच उरली होती; तिचा एखादा धातूचा बारीक पाय मोडला की संपलं.

“अक्का, कंपनीनं हिची सुधारलेली चिप का नाही काढली?” भीती लपवायला मी विचारलं.

“काढणार कशी गे? हिच्यात खोट होती. आवाज कमीजास्त केला की टक् व्हायचं. खेळ लिहिणाऱ्यांनी खेळातल्या संगीतात त्या टक्-टक्‌चाच ढोल केला! खोट काढली असती तर सगळे ढोल गप्प. बसव आता. घाबरायचं ते नंतर घाबर.”

मी बसवली. खेळाची कॅसेट लावली. पडदा निळा झाला आणि ढोल असा दणाणला की शेजारचा चहावाला आत डोकावला.

मला वाटायचं, सुधारलं नाही ते मागे पडलं. पण हिच्या खोटीवरही इतकं काही उभं राहिलं होतं की हिला हलवायची कुणाची छाती झाली नाही!

अक्का चष्मा पुसत हसत होत्या. मी मनात म्हटलं, अक्का, तुमची नजर थकेल त्या दिवशी ही बारीक कामं माझे हात करतील. शब्द देते.