डोळा नसलेले मोर

आमच्या कारखान्यात विणलेली एक चादर गेली चाळीस वर्षं मला गाठते आहे. पहिल्यांदा ती कुर्डुवाडी स्टेशनवर दिसली. बाकावर एक बाई तोंडावरून चादर ओढून झोपली होती. निळ्यावर पांढरे मोर, आणि एकाही मोराला डोळा नव्हता. माझी गाडी आली आणि गेली, मी उठलोच नाही. पुढे मंगळवेढ्याला पाहुण्यांनी मला अंगावर घ्यायला दिली ती तीच. गेल्या वर्षी मोतीबिंदू काढायला गेलो, तर शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने घरून आणलेली चादरही तीच. आमची चादर विरत नाही, असं आम्हीच गिऱ्हाइकांना सांगत असू.

त्या मोरांचा दोष एका माणसाच्या माथी बसला. तो त्याचा नव्हता.

वडिलांनी दोन मागांवर धंदा सुरू केला तेव्हापासून तो आमच्याकडे होता. घरी तेलुगू बोलायचा, आमच्याशी मोजकं मराठी. चादरीवरची नक्षी भोकं पाडलेल्या जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर असते. एक पत्ता म्हणजे नक्षीची एक ओळ. असे शेकडो पत्ते क्रमाने ओवून त्यांची माळ करायची आणि मागाच्या माथ्यावर चढवायची, हे त्याचं काम. ओवून झालं की तो डोळे मिटायचा आणि पत्त्यांच्या कडांवरून अंगठा फिरवत पुटपुटत मोजायचा. ओकटी, रेंडू, मूडू. एक, दोन, तीन. त्याची मोजणी पुरी होईपर्यंत माग सुरू करायचा नाही, असा वडिलांचा नियम होता. सगळे माग बंद, आणि शेडमध्ये तेवढाच आवाज. लहानपणी मला वाटायचं, माणूस नाही, भिंतच मोजते आहे.

मी डिप्लोमा करून परत आलो त्या वर्षी दिवाळीसाठी मोराची नवी नक्षी घेतली होती. त्याची बायको आजारी होती, म्हणून सकाळी तो तिला घेऊन दवाखान्यात गेला. वडील गावात नव्हते. थांबायचं कशाला, म्हणून आतल्या खोलीत बसून मीच माळ ओवली. जेवणाच्या सुट्टीत तो आला तेव्हा मी ती मागावर चढवत होतो. विणकर बाहेर लिंबाखाली डबे उघडून बसले होते. त्याने माळेच्या कडेवर अंगठा ठेवला.

"धाकले मालक, एकदा मोजू का?"

मी म्हणालो, मी मोजलंय. मोजलं नव्हतं. मला ते अंगठ्याने मोजणं अडाणीपणाचं वाटायचं.

दिवस मावळताना आतल्या खोलीत टेबलाखाली तीन पत्ते सापडले. मोराच्या डोळ्याच्याच ओळी होत्या त्या. तेव्हाच माग थांबवला असता तर थोडाच माल वाया गेला असता. मी पत्ते शर्टात सरकवले आणि वर बघितलं तर तो दारात उभा होता. तो वळला आणि निघून गेला.

नंतर त्याच माळेवरून बाकीच्या मागांसाठी आणखी तीन माळा करून घेतल्या. मागावर मोर आडवा विणला जातो, विणलेलं कापड लगेच गुंडाळलं जातं, त्यामुळे विणकराला वीतभर पट्टीच काय ती दिसते. पुढे व्यापाऱ्याने गठ्ठे परत पाठवले तेव्हा सगळ्यांना कळलं. वडिलांनी सगळ्या कामगारांसमोर त्याला उभं केलं आणि विचारलं, माळ कोणी ओवली? मी वडिलांच्या शेजारीच होतो. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होतो.

"माळ माझ्याकडंच असते की, मालक," तो म्हणाला.

तो माल पडेल भावात गावोगावच्या बाजारांत गेला. वडिलांनी त्याला काढलं नाही, पण पत्त्यांना पुन्हा हात लावू दिला नाही. घड्या घालायला बसवलं. विणकर म्हणायचे, "काय तात्या, मोराला चष्मा लावायचा का?" तो हसायचा. हात चालत होते तोवर घड्याच घातल्या त्याने. घड्या घातलेल्या चादरींच्या कडांवरून त्याचा अंगठा फिरत राहायचा. एकदा मी मागे उभा राहून ऐकलं. मोराच्या माळेला किती पत्ते हवेत हे मला ठाऊक होतं. त्या आकड्याला तीन कमी असताना तो थांबला, आणि पुन्हा ओकटीपासून सुरू झाला.

तो गेल्यावरही दुपारी वीज जाऊन माग थांबले की मला ती मोजणी ऐकू यायची. माझ्या मुलाने माग भंगारात विकले. शेड रिकामी झाली. तरी यायची.

गेल्या महिन्यात मी त्याच्या मुलीकडे गेलो. ती उंबऱ्याशी बसून विड्या वळत होती. मी सगळं सांगितलं. निम्म्यावर तिचे हात थांबले. वडिलांना ती नायना म्हणायची.

"गल्लीत आम्हाला आंधळ्या मोराची पोरं म्हणायचे, काका. शेवटी नायना कुणाला ओळखत नव्हते. नुसते मोजायचे ओ. कशाचं मोजतात, आम्हाला काय माहीत?"

मी पिशवीतून ते तीन पत्ते काढून तिच्यापुढे ठेवले. तिने ते हातात घेतले, डोळे मिटले आणि कडांवरून अंगठा फिरवला. ओकटी, रेंडू, मूडू. आवाज तिचा नव्हता. वडिलांकडून तो तिला कधी मिळाला, हे तिलाही सांगता आलं नसतं. मी उंबऱ्याला धरून बसलो.

मग ती तिच्या आवाजात म्हणाली, "मला एकटीला सांगून काय होतंय? त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं होतं. तुम्हीपण सगळ्यांसमोर सांगा."

पत्ते तिने परत दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रिकाम्या शेडमध्ये जाऊन बसलो. मोजणी आली. तीन उरले तिथे थांबली. पण या वेळी पुन्हा ओकटीपासून सुरू झाली नाही. नुसती थांबून राहिली.

त्या दिवशी समोर उभे असलेल्यांतले फार थोडे आज आहेत. त्यांच्या मुलांच्या हाती हे पडावं म्हणून लिहिलं. मोराची माळ मी ओवली. त्याने मोजू का म्हणून विचारलं होतं, मी मोजू दिली नाही. तीन पत्ते माझ्या शर्टात होते.