नकाशावरचं हिरवं गाव

परदेशातून येणारी मदत वाटणाऱ्या कचेरीत आमच्या मामाला एक टेबल, एक फोन आणि तीन रंगांच्या पेन्सिली मिळाल्या होत्या. दर सोमवारी तो गावोगावी फोन लावायचा. लढाई जोरात असेल ते गाव नकाशावर लाल, तिथे ट्रक जाणारच नाही. सगळं ठीक असेल ते हिरवं, तिथे गरजच नाही. मदत काय ती मधल्या पिवळ्याला. मरायचंच तर जरा बेताने मरा, असा तो शहाणा नियम! दूरच्या साहेबांनी थंड डोक्याने केलेला.

मामा कामाला चोख. "कचेरीतून बोलतोय, खरं तेच सांगा," अशी सुरुवात करायचा, आणि तिघांना विचारल्याशिवाय पेन्सिल उचलायचा नाही. आमच्या गावाला मात्र एकच फोन यायचा, माझ्या आईला. ती त्याची धाकटी बहीण, दवाखान्यात नर्स.

"कशी आहेस गं?"

"मजेत, दादा. तू गोळ्या घेतोस ना वेळेवर?"

मामाला नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला होता. त्याच्या जिवाला घोर नको म्हणून ती तसं बोलली. मदतीचं वरचे साहेब ठरवतात, दादा बिचारा नुसता कारकून, असंच ती समजत होती. आणि बहिणीशी कचेरीच्या सुरात बोलायला मामाची जीभ रेटेना. त्याने आमचं गाव हिरवं केलं. औषधांचा ट्रक शेजारच्या खोऱ्यात गेला. त्या पंधरवड्यात दवाखान्यातले नऊ रुग्ण गेले. त्यांत माझे बाबा.

आई त्याला एका शब्दाने बोलली नाही. मी बोलले. चारचौघांत म्हटलं, "आता रंगव लाल!" मामाने दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

गेल्या महिन्यात तो अंथरुणाला खिळला. मी पाणी पाजत होते, तेवढ्यात त्याने माझं मनगट धरलं.

"खरं सांग. मी फोन केला तेव्हा औषधं होती का तुमच्याकडे?"

आठ दिवस आधीच संपली होती. आई "मजेत" म्हणाली तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते, आणि गप्प बसले होते.

"होती, मामा. भरपूर होती."

त्याने माझं मनगट सोडलं.

"अगदी आईवर गेलीस गं," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.