साहेबांचं लाल पेन

नोकरी सोडली की किस्से जमतात म्हणतात. माझ्याकडेही पोतंभर आहेत. लोक हसतात, पण माझं अजूनही डोकं फिरतं!

ऐंशीच्या दशकात मी अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात टायपिस्ट होते. आमचे मॅनेजर देवधरसाहेब. त्यांचा नियम एकच: जे काही हवं ते इंग्लिशमध्ये लिहून मागा. शब्द चुकला की लाल गोल, आणि कागद परत. साहेबांची सही नाही तर रजा नाही, सामान नाही, फिटरसुद्धा नाही!

एकदा मी उरलेल्या शेवटच्या कागदावर टाइप करून टायपिंगचे नवे कागद मागवले. स्टेशनरीत 'ई' हवा होता, मी 'ए' मारला. आला लाल गोल! "नीट टाइप करून आणा," साहेब म्हणाले.

"कशावर करू साहेब? कागदच तर मागतेय!"

दोन दिवस मी रिकाम्या मशीनसमोर बसून होते.

आमच्याकडे उल्हासनगरहून सॉल्व्हंट यायचं. लछुभाई नावाचे सिंधी व्यापारी स्वतः टेंपोत बसून आणायचे. त्यांच्या चलनावर 'अ‍ॅक्सेप्ट'च्या जागी 'एक्सेप्ट' लिहिलेलं. म्हणजे माल घ्या म्हणायच्या ऐवजी माल सोडून बाकीचं घ्या! साहेबांनी चलन परत केलं. लछुभाईंनी टेंपो वळवला.

"साईं, हमारा माल रहने दो. पीपे में अपनी अंग्रेजी भर लो!"

प्लांट बंद पडला. बोलणी मात्र स्टोअरवाल्याने खाल्ली.

अकाउंट्सच्या नाईकबाई बदलापूरला, मांजर्लीत राहायच्या. एका पावसाळ्यात नदीचं पाणी त्यांच्या घरात छातीपर्यंत चढलं. बाई चार दिवसांनी आल्या, त्याही शेजारणीची साडी नेसून. रजेच्या अर्जात लिहिलं होतं, सगळं गेलं. 'लॉस्ट'च्या जागी 'लूज', तेही दोन 'ओ' घालून. साहेबांनी पेन उघडलं. "बाई, एक 'ओ' जास्त झालाय."

"राहू द्या साहेब! घरात तेवढंच उरलंय!"

आम्ही सगळे फिस्सकन हसलो. बाई हसल्या नाहीत. आमच्या त्या हसण्याची मला आजही चीड येते.

आणि हा किस्सा भोईरचा. भोईर पालेगावचा, अ‍ॅसिड प्लांटवर ऑपरेटर. एका दुपारी धावत केबिनमध्ये आला. "सायेब, पाइपाला चीर गेलीय, फिटर धाडा लगेच!"

"लिहून आण."

त्याने माझ्याच टेबलावर वाकून खरडलं, पाइप तुटतोय. 'ब्रेक' लिहिला तो गाडीचा. साहेब मोठ्याने हसले. "अरे, पाइपला ब्रेक कुठून आला?" लाल गोल काढून चिठ्ठी परत केली. भोईर चिठ्ठी तिथेच टाकून व्हॉल्व्ह बंद करायला एकटाच पळाला. पाठोपाठ आम्ही त्याची किंकाळी ऐकली.

हॉस्पिटलमध्ये त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. डॉक्टर अजून काहीच सांगत नव्हते. साहेब मोसंबी घेऊन आले. मी तिथेच होते. खाटेजवळ उभे राहून ते हळूच म्हणाले, "भोईर, काही लागलं तर सांग हं."

भोईरने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"लिवून देऊ सायेब, का तोंडी चालंल?"