उंटांच्या पुढची चूल

पिकअप पुरती थांबायच्या आत चाचा खाली उतरलेले असायचे. मूठभर वाळू हवेत सोडून वारा कुठून येतो ते बघायचे आणि म्हणायचे, "अगोदर चूल, मंग उंट."

आपल्या हाताला जगात तोड नाही, असं ठाम मत असलेला एखादा आचारी तुम्हीही पाहिला असेल. आमचे चाचा त्यातलेच, फक्त त्यांचं स्वयंपाकघर चार चाकांवर होतं. आमचा अर्बाब, म्हणजे मालक, आखातातल्या इब्रा गावचा. दर हिवाळ्यात त्याचे उंट वाळवंटापलीकडच्या चराईला चालत जातात. इतरांचे आता ट्रकने जातात, पण अर्बाबच्या वडिलांना ते पटत नाही. गुराखी कळपाबरोबर चालायचे, चाचांची पिकअप पुढे जायची, आणि कळप मुक्कामाला पोचेपर्यंत भात तयार असायचा. मी वसईचा, पाण्याचा टँकर चालवणारा. चाचा रत्नागिरीकडचे. आता ते कायमचे गावी गेलेत आणि मुक्कामावर फार शांत वाटतं.

एका वर्षी अर्बाबच्या मुलाने ठरवलं, चाचांना घरी पाठवायचं आणि हॉटेलातून डबे आणायचे. याच्या हातचं सगळं हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, लागतं, अशी बदू, म्हणजे वाळवंटी टोळ्यांतल्या, गुराख्यांची कुरकुर होती. "शेवटच्या मुक्कामाला आजोबा येतील. ते म्हणतील तसं," मुलगा म्हणाला.

"म्हाताऱ्याला शुवा खिलवतो," चाचा मला म्हणाले. "असा शुवा त्यांच्या आजीनं पण केला नसंल."

शुवा म्हणजे मसाला चोळून, केळीच्या पानांत बांधून, निखाऱ्यांच्या खड्ड्यात पुरलेलं मटण. इथे ईदला घरोघरी होतो. शेवटच्या मुक्कामावर चाचांनी आदल्या संध्याकाळी पिकअपपासून लांब, टेकाडाच्या आडोशाला खड्डा केला, मटण पुरलं, वर पत्रा झाकून वाळू सारखी केली आणि खूण म्हणून एक हिरवी फांदी खोचली. गावी आम्ही अशीच खूण ठेवतो, हेही ऐटीत सांगितलं.

सारी नोकरी उंटांच्या पुढे धावण्यात गेलेल्या माणसाला उंट मागे काय करतात ते कुठून कळणार? सकाळी फांदी गायब. उंटांनी ती बुडख्यासकट खाल्ली होती आणि वाऱ्याने वाळू सपाट केली होती.

आम्ही इथे खण, तिथे खण करून दमलो. गुराखी हसू दाबत होते. मुलाने हॉटेलवाल्याला फोन लावायला घेतला. चाचा अजून खणतच होते आणि ते मला बघवेना.

एकाएकी ते म्हणाले, "सगळे चाऱ्याला गेले. ही का उठत नाय?"

कळपातली थोरली सांडणी थंडीत डोळे मिटून बसली होती. चाचांनी तिच्या पोटाजवळच्या वाळूवर तळहात ठेवला. "गरम हाय. यल्ला, उठवा हिला."

तिला उठवताना चार गुराख्यांचा घाम निघाला. तिने काय शिव्या दिल्या, ते त्यांनाच ठाऊक.

दुपारी शेख, अर्बाबचे म्हातारे वडील, आले. मटण बोट लावताच हाडापासून सुटत होतं. एक घास खाऊन शेख थांबले. मग खांद्याचा मोठा तुकडा तोडून, पाहुण्याला देतात तसा, त्यांनी चाचांसमोर ठेवला आणि त्यांना शेजारी बसवलं. नातवाला म्हणाले, "डबे तुझ्यापुरते मागव. आम्ही याच्या हातचं खाऊ."

 गुराख्यांचे हात थाळ्यात होते.

जेवण झाल्यावर चाचा हात धुवायला उठले. मुलाने स्वतः पाण्याचा कॅन उचलला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातावर घालतात तसं पाणी त्यांच्या हातावर घालू लागला. माझा ऊर अभिमानाने भरून आला. चाचा मान ताठ ठेवून सावकाश हात चोळत होते.

"बस, अर्बाब," ते मुलाला म्हणाले. "रात को चावल भी पकाना है."