मनकर्णाबाईंच्या घराचा गोल कोपरा

टेंभूरखेड्याची वस्ती सहाशे अकरा आणि गावाला एसटी एकच. अनसिंगच्या रस्त्यावरच्या फाट्यापासून चार किलोमीटर आत ती डुलत डुलत यायची आणि सकाळी सात दहाला गावाच्या टोकाशी, मनकर्णाबाईंच्या खळ्यात वळायची. दुसरीकडे वळायला जागाच नव्हती. एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला घरं.

बावीस वर्षांपूर्वी पहिली गाडी आली, तेव्हा सारं गाव हार घेऊन उभं होतं. हार घालून झाल्यावर लक्षात आलं, की हिला परत फिरवायची कुठं? मनकर्णाबाईंचे यजमान उकंडराव तेव्हा हयात होते. त्यांनी चार माणसं लावून खळ्यातली कुटाराची, म्हणजे भुसकटाची गंजी हलवली आणि गाडीला वाट करून दिली. पुढं ते गेले, वहिवाट राहिली. हंगामात बाई सोयाबीनची रास एका अंगाला ओढून घेत, आणि गाडी आली की हातातलं सूप उंच धरून समोर उभ्या राहत. सूप डावीकडे झुकलं की गाडी डावीकडे. सूप आडवं झालं की ब्रेक. नांदी संपून सूत्रधार उभा राहावा, तसा थाट. कंडक्टरची शिट्टी आपली साथीला.

यंदा बाईंना घरकुल मंजूर झालं. जन्म पत्र्याखाली गेला, आता पक्क्या भिंती मिळणार. गावठाणात जागा म्हणाल तर हे खळंच. गवंडी मारोतरावांनी दोरी लावून चुन्याच्या रेघा मारल्या, त्या थेट खळ्याच्या मधोमध. आनंदाच्या भरात गाडीची आठवण कुणालाच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी रेघेशी येऊन थबकली. ड्रायव्हर सेवालाल मानोऱ्याकडचा, एरवी तोंडाचा पट्टा चालू. तो खाली उतरला आणि पावलं टाकत रेघा मोजून आला.

"मावशी, खुशाल बांध घर. पाया भरेपर्यंत येतो, मंग फाट्यावरूनच परतू."

गाडी रोजच्याच चाकोरीवरून वळून गेली, पण बातमी गावभर पसरली. वाशीमला नर्सिंग शिकणारी धम्मदीपा नळावर आईला सांगत होती, की आता पाचला उठून फाटा गाठावा लागेल. तक्रारीचा सूर नव्हता. तेच बाईंना जास्त लागलं. घर धरावं तर गाडी सुटते, गाडी धरावी तर घर.

सकाळी सुपाऐवजी चुलीच्या राखेचं टोपलं घेऊन बाई उभ्या राहिल्या. सेवालालला म्हणाल्या, रोजच्यासारखीच वळव, फक्त सावकाश. गाडी वळू लागली आणि बाई तिच्या शेपटीमागं राख सांडत चालल्या. खात्रीसाठी तीनदा. आत माणसं बसलेली. धम्मदीपा मागच्या खिडकीतून डोकावून, नाल्याकडे किती बोटं जागा राहिली ते सांगत होती. राखेच्या कमानीनं चुन्याच्या चौकोनाचा एक कोपरा अलगद खाल्ला.

मारोतराव आयुष्यभर काटकोनात जगलेला माणूस.

"वैनी, ईशान्येचा कोपरा कापून राह्यल्या तुमी. दोष लागते घराले."

"त्या कोपऱ्यातून सहाशे अकरा माणूस जाते-येते," बाई म्हणाल्या. "त्याईच्या वाटेत घर आलं तं दोष नाही लागत का?"

मारोतराव दोन दिवस धुसफुसले. मग त्यांनी गेलेली जागा गोठ्याच्या अंगानं भरून काढली आणि राखेवरून अशी गोल भिंत उचलली, की गावातली माणसं तिच्यावर उगाच हात फिरवून जाऊ लागली.

आतल्या गोल कोपऱ्यात मात्र काही बसेना. कपाट तिरकं, खाट आडवी. शेवटी उकंडरावांच्या वेळची शेणानं लिंपलेली बांबूची कणगी बाई आणि मारोतराव दोघांनी लोटत आणली. ती अशी चपखल बसली, जणू भिंत तिच्याच मापानं शिवलेली.

आता सात दहाला गाडीची शेपटी नव्या भिंतीपासून वीतभरावरून जाते. सेवालाल रोज खिडकीतून विचारतो, "मावशी, लागली का?"

बाई एक हात भिंतीवर ठेवतात, दुसऱ्या हातानं सूप हलवतात. "येऊ दे."